पॅप (पॅरासिटामॉलचा कच्चा माल) विकत घेतलं तर उत्पादकता वाढते का?

दर कामगारामागची उलाढाल वाढली, म्हणजे रसायन कारखान्यांतला कामगार जास्त उत्पादक झाला, असा दावा केला जातो. विकत घेतलेल्या मालाचा हिशेब केल्याशिवाय हे कसं ठरवणार?

पॅरासिटामॉलच घ्या. पॅरा-नायट्रोक्लोरोबेंझीनपासून सुरुवात केली, तर आधी कॉस्टिक सोड्याबरोबर दाबाखाली तापवून नायट्रोफिनॉल, मग जुन्या पद्धतीत लोखंडाच्या चुऱ्याने क्षपण (रिडक्शन) करून पॅरा-अमिनोफिनॉल, म्हणजे पॅप. फिल्टर प्रेसला चिकटलेला तो काळा गाळ खरवडायला माणसं लागतातच. तेच पॅप चीनहून तयार आलं की उरतं काय? अ‍ॅसेटिक अनहायड्राइड घाला, स्फटिक पाडा, सेंट्रिफ्यूज, ड्रायर, झालं.

आता कल्पित आकडे. आधी 100 कामगार, विक्री 100 कोटी, खरेदी 60 कोटी. नंतर 60 कामगार, विक्री तेवढीच, खरेदी 80 कोटी. माणशी विक्री 1 कोटीवरून 1.67 कोटी. मूल्यवर्धन, म्हणजे विक्री वजा खरेदी, मात्र माणशी 40 लाखांवरून 33 लाख! सरकारच्या वार्षिक उद्योग सर्वेक्षणात दोन्ही आकडे असतात, लोक सोयीचा उचलतात.

बाहेरून घेणं वाईटच, असं नाही. शुद्ध पॅप मिळालं तर रंग बिघडलेल्या बॅचेस पुन्हा शुद्ध करण्याचे कष्ट वाचतात, ती वाढ खरी. पण नुसता पॅपचा भाव पडला तरी चालू किमतींत, म्हणजे त्या त्या वर्षीच्या भावांत, मूल्यवर्धन फुगतं. म्हणून विक्री आणि खरेदी, दोन्ही आपापल्या किंमत निर्देशांकाने वेगवेगळ्या स्थिर किमतींत, म्हणजे एकाच ठरावीक वर्षाच्या भावांत, आणायला हव्यात.