मदत हवी आहे: आयआयएसमागे टॉमकॅट, एकाच फोल्डरची पानं ४०४ देतायत

नमस्कार मंडळी, एका पतसंस्थेचं सभासद पोर्टल आम्ही सांभाळतो. विंडोज सर्व्हर, पुढे आयआयएस (मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर), मागे टॉमकॅट ९ (जावाची वेबअॅप चालवणारा सर्व्हर) आणि मधे टॉमकॅटवाल्यांचाच आयसॅपी रिडायरेक्टर, तो एजेपीने (वेब सर्व्हर आणि टॉमकॅट यांच्यातला प्रोटोकॉल) ८००९ पोर्टवर रिक्वेस्ट पुढे पाठवतो. लॉगिन, पासबुक, कर्जाचे हप्ते सगळं नीट चालतं. आता सूचना आणि फॉर्मचा नवीन विभाग चढवलाय, फोल्डरचं नाव 'वेब-इन्फो', आणि त्यातलं एकही पान उघडत नाही, सरळ ४०४ (पान सापडलं नाही). तीच लिंक सर्व्हरवरूनच ८०८० पोर्टने, म्हणजे थेट टॉमकॅटवर उघडली की लगेच पान येतं, म्हणजे टॉमकॅटची तक्रार नाहीये.

मॅपिंगच्या फाइलमध्ये पोर्टलखालचं सगळं टॉमकॅटकडे जातंय, ते तपासलं. रिडायरेक्टरच्या लॉगमध्ये मात्र प्रत्येक वेळी एक ओळ येते, अर्थ असा की हा पत्ता वेब-इन्फ किंवा मेटा-इन्फ (वेबअॅपच्या आतल्या, बाहेर न द्यायच्या फाइलींची फोल्डरं) डिरेक्टरीकडे जातोय, कोणीतरी साइट हॅक करायला बघतंय, आणि पुढे तीन उद्गारचिन्हं! हॅक कोण करणार, आमचेच सभासद आहेत ते.

टीममधला एकजण म्हणतो की वेबअॅपचं फोल्डरच आयआयएसला व्हर्च्युअल डिरेक्टरी म्हणून जोडू, पानं तिथूनच जातील. मला ते पटत नाहीये कारण खऱ्या वेब-इन्फमध्ये डेटाबेसच्या पासवर्डची फाइल आहे. वार्षिक सभेची नोटीस याच विभागात आहे, लोकांना ती वेळेत दिसायला हवी. काय करावं?

प्रतिसाद १:
फोल्डरच्या नावातच सगळं आहे. रिडायरेक्टर पत्त्यात 'स्लॅश वेब-इन्फ' एवढे अक्षर सापडतात का ते बघतो, लहान-मोठी लिपी न बघता, आणि पुढे काय आहे ते बघतच नाही, म्हणून तुमचं 'वेब-इन्फो' पण त्यात अडकतं. टॉमकॅट स्वतः जास्त नेमकं बघतो, अॅप्लिकेशनच्या मुळाशी वेब-इन्फ किंवा मेटा-इन्फ हे अख्खं नाव असेल तरच ४०४ देतो, त्यामुळे ८०८० वर पान दिसतं. नाव बदला, 'माहिती' ठेवा, लिंका सुधारा, संपलं. ती तपासणी बंद करायच्या मागे लागू नका.

आणि व्हर्च्युअल डिरेक्टरी अजिबात नको!! सर्व्हलेटच्या (जावा वेबअॅपच्या) नियमाप्रमाणे वेब-इन्फमधलं काहीही बाहेर द्यायचं नाही, पण तो नियम पाळतो टॉमकॅट. आयआयएसला ते एक साधं फोल्डर आहे. जेएसपी (जावाची पानं) तर तो चालवणारच नाही आणि उरलेल्या फाइलींची राखण तुमच्या गळ्यात.

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत. शिवाय आयआयएसच्या रिक्वेस्ट फिल्टरिंगमध्ये हिडन सेगमेंट (पत्त्यातला अडवायचा भाग) म्हणून वेब-इन्फ आणि मेटा-इन्फ दोन्ही टाकून ठेवा, ते अख्खं नाव जुळलं तरच अडवतं आणि लॉगमध्ये ४०४.८ दिसतं, म्हणजे कोणी अडवलं ते लगेच कळतं. अजून एक, ८००९ पोर्ट बाहेरून उघडा तर नाही ना? २०२० च्या घोस्टकॅट नावाच्या टॉमकॅटमधल्या सुरक्षा-त्रुटीत तेच झालं होतं, पुढचा वेब सर्व्हर टाळून थेट एजेपीवर बोललं की वेब-इन्फमधल्या फाइली वाचता यायच्या. ९.०.३१ मध्ये ते दुरुस्त झालं, ८.५ वाल्यांना ८.५.५१ आणि ७ वाल्यांना ७.०.१००. त्यानंतर एजेपीला सीक्रेट (रिडायरेक्टर आणि टॉमकॅट यांच्यातला पासवर्ड) लागतं, ते दोन्हीकडे सारखंच ठेवा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. फोल्डरचं नाव 'माहिती' केलं, सगळी पानं आयआयएसवरून उघडतायत, नोटीसही दिसतेय. हिडन सेगमेंट टाकले, खऱ्या वेब-इन्फचा पत्ता मारून बघितला तर अडतोय. टॉमकॅटची आवृत्ती ९.०.३१ च्या पुढची आहे पण ८००९ सगळ्या इंटरफेसवर ऐकत होता आणि सीक्रेटची सक्ती आधीच्या व्हेंडरने बंद करून ठेवलेली, ती आता चालू केली आणि पोर्ट फक्त लोकलहोस्टला बांधला. व्हर्च्युअल डिरेक्टरीवाल्या मित्राला हा धागा वाचायला दिलाय.