टीपीएमटी नॉर्मल आलं तरी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) सोडू नका

टीपीएमटी या औषध मोडणाऱ्या एन्झाइमची तपासणी नॉर्मल आली, आता अझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची काळजी नाही, असं एका ताईंनी लिहिलंय. ताई, कृपा करून एवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्यांच्या दाहाच्या आजारांमध्ये दिलेली ही गोळी शरीरात गेल्यावर तिच्यापासून थायोग्वानिन न्यूक्लिओटाइड्स नावाचे घटक तयार होतात. गुण येतो तो त्यांच्यामुळे, आणि प्रमाण वाढलं की रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला दणका बसतो तोही त्यांच्यामुळेच. टीपीएमटी हे एन्झाइम औषधाचा बराच भाग दुसऱ्या वाटेला लावतं. पण भारतीयांमध्ये आणि पूर्व आशियात टीपीएमटीपेक्षा एनयूडीटी१५ या दुसऱ्या एन्झाइमच्या जनुकातला बदल जास्त आढळतो. हा बदल आणि या औषधाने पांढऱ्या पेशी घटणं यांचा संबंध २०१४ मध्ये कोरियातल्या क्रोन्सच्या रुग्णांच्या अभ्यासातून पुढे आला. जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर नेहमीचा डोस जिवावर बेतू शकतो. एनयूडीटी१५ची तपासणी झाली आहे का, ते डॉक्टरांना नक्की विचारा.

सुरुवातीच्या आठवड्यांत कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले तर तेल-शाम्पू बदलत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, सीबीसी करून पांढऱ्या पेशी बघा. ताप, घसादुखी असेल तरीही तसंच.

आणखी एक. युरिक ॲसिड वाढलं म्हणून कुणी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबक्सोस्टॅट लिहून दिलं तर अझाथायोप्रिन चालू असल्याचं आधी सांगा. ही औषधं झँथिन ऑक्सिडेज हे अझाथायोप्रिन मोडणारं आणखी एक एन्झाइम अडवतात आणि अझाथायोप्रिनचा परिणाम कितीतरी वाढतो. दोन्ही जनुकं नॉर्मल असली तरी हा धोका राहतोच.