पहिली आंतरराष्ट्रीय मास्टर्स जलतरण स्पर्धा: नोंदणी, प्रवास, औषधं, तयारी कशी आखावी?

संथपाणी:
नमस्कार मंडळी. २०२७ च्या मध्यावर परदेशात होणाऱ्या एका मास्टर्स, म्हणजे वयोगटांनुसार होणाऱ्या प्रौढांच्या, स्पर्धेत उतरायचं नक्की केलं आहे. स्पर्धा वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या (जलतरणाची जागतिक संघटना) नियमांनी, ५० मीटरच्या पूलमध्ये होणार आहे. जन्म नोव्हेंबर १९७७ चा. शर्यती: १०० आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक, जमल्यास ५० मीटर फ्रीस्टाइल. सराव मात्र सगळा २५ मीटरच्या पूलमध्ये होतो आणि अधिकृत वेळाही तिथल्याच आहेत. स्पर्धेचं ठिकाण घड्याळात आमच्यापेक्षा सहा तास पुढे आहे. रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे.

प्रश्न असे: वयोगट कोणता धरायचा? कागदपत्रांचा क्रम काय ठेवायचा? प्रवेशिकेत वेळ कोणती लिहायची? आणि किती दिवस आधी पोहोचायचं? तिकिटं आत्ता स्वस्त दिसताहेत म्हणून घेऊन टाकायचा मोह होतोय.

लेनदोरी:
तिकीट सर्वात शेवटी. आधी क्लब.

वर्ल्ड मास्टर्समध्ये पोहणारा देशाचा प्रतिनिधी नसतो, क्लबचा असतो. म्हणून तुमचा क्लब राष्ट्रीय फेडरेशनकडे नोंदलेला हवा आणि तुमचं नाव त्या क्लबखाली चालू वर्षासाठी नोंदलेलं हवं. फेडरेशनचं काम संथ असेल तर यातच दोन-तीन महिने जातात. नोंदणीतलं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं घाला, मधलं नाव आणि आडनावाच्या स्पेलिंगसकट. ओळखपत्र घेताना मूळ पासपोर्ट समोर ठेवून नाव ताडतात, आणि व्हिसासाठी येणाऱ्या आमंत्रणपत्रातही प्रवेशिकेतलंच नाव उतरतं. इथली एका अक्षराची चूक दोन्हीकडे अडवते.

वयोगट: स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरला जे वय असेल ते धरतात. म्हणजे प्रत्यक्ष पोहताना तुम्ही ४९ चे असलात तरी गट ५०-५४. नव्या गटातलं पहिलं वर्ष म्हणजे गटात सगळ्यात तरुण तुम्हीच. परदेशी स्पर्धेसाठी याहून चांगलं वर्ष मिळणार नाही.

वैयक्तिक शर्यती जास्तीत जास्त पाच घेता येतात. पहिल्या खेपेला तुम्ही म्हणता त्या तीनच ठेवा, पण आधी वेळापत्रक उघडून ५० फ्री आणि २०० ब्रेस्ट एकाच दिवशी नाहीत ना, ते बघा. पात्रता वेळा वयोगटानुसार दिलेल्या असतात, त्याही तपासा. प्रवेशिका ऑनलाइन भरून पैसे भरले की आमंत्रणपत्र मागता येतं. पोचपावती आणि क्लबचं पत्र त्याला जोडा. मग व्हिसा. शेंगेन देश असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी द्यावा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा.

विम्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे फसगत होते ती दवाखान्यात पोहोचल्यावरच कळते. व्हिसाला चालणाऱ्या पॉलिसीत बऱ्याचदा ‘क्रीडास्पर्धेतील सहभाग’ वगळलेला असतो. हौशी स्पर्धेतली दुखापत धरली आहे का आणि आधीपासूनचा रक्तदाब धरला आहे का, हे दोन्ही प्रश्न कंपनीला लेखी विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. रक्तदाब लपवून घेतलेली पॉलिसी ऐन वेळी कामाची नाही.

व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेल रद्द करता येण्याजोगंच घ्या. प्रवेश शुल्क मात्र सहसा परत मिळत नाही, हे धरूनच हिशोब मांडा.

चौथी लेन:
प्रवेशिकेतल्या वेळेचं सांगतो.

२५ च्या पूलमधली वेळ ५० च्या स्पर्धेत जशीच्या तशी लिहू नका. १०० मीटरला लहान पूलमध्ये तीन टर्न, मोठ्यात एक. २०० ला सात आणि तीन. म्हणजे १०० ला दोन आणि २०० ला चार टर्न कमी होतात. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भिंतीवरचा धक्का आणि पाण्याखालचा पुलआउट (धक्क्यानंतर पाण्याखालीच घेतलेला एक लांब स्ट्रोक) यातून मिळणारा फायदा मोठा, म्हणून कमी झालेल्या प्रत्येक टर्नमागे अंदाजे एक ते दीड सेकंद वाढवा: १०० ला दोन-तीन, २०० ला चार ते सहा. तुमचा पुलआउट जितका चांगला तितका फरक जास्त. शक्य असेल तर महिना-दोन महिने आधी कुठेतरी ५० मीटरच्या पूलमध्ये अधिकृत वेळ घ्याच. पात्रता वेळेचा प्रश्नही त्याने सुटतो.

शर्यती टाइम्ड फायनल पद्धतीच्या असतात: प्रत्येकाला एकदाच पोहायचं, पदकं सगळ्या हीटमधल्या (हीट म्हणजे एका वेळी पोहणारा गट) वेळा एकत्र करून. वेळ फुगवून लिहिली तर तुमच्यापेक्षा संथ लोकांबरोबर एकटं पुढे पोहावं लागतं. कमी लिहिली तर पहिल्या ५० मीटरला शेजारच्या लेनमागे ओढले जाता आणि १५० च्या पुढे पाय उरत नाहीत. प्रामाणिक वेळ हीच तुमच्या फायद्याची.

मोठ्या पूलची खरी परीक्षा २०० च्या तिसऱ्या लांबीत होते. भिंतीवर मिळणारी ती क्षणाची उसंत नसते, आणि दर लांबीला स्ट्रोक दुपटीपेक्षा थोडे जास्त पडतात. २५ च्या पूलमध्ये याचा सराव असा करा: एकाआड एक भिंतीला हात न लावता, बॅकस्ट्रोकच्या झेंड्यांखाली, म्हणजे भिंतीच्या पाच मीटर आधी, पाण्यातच वळा आणि धक्का न घेता पुन्हा वेग धरा. आठवड्यातून एकदा ८ × १००, मध्ये ३० सेकंद विश्रांती. लेन रिकामी असेल तेव्हाच, नाहीतर मागून येणारा धडकेल.

पहाटपोहणी:
रक्तदाबाच्या गोळीकडे सगळ्यांनी दुर्लक्ष केलं, म्हणून लिहिते. गोळीच्या पाकिटावरचे घटक आजच वाचा.

वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या नियमांखालची स्पर्धा म्हणजे डोपिंगचे नियमही लागू, असंच धरून चालावं. मास्टर्स गटाची अडचण अशी की रोजची साधी औषधं बंदी असलेल्या द्रव्यांच्या यादीत निघतात. रक्तदाबाच्या कितीतरी जोड-गोळ्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असतं. ही लघवी वाढवणारी औषधं आहेत. त्यांनी लघवी पातळ होऊन इतर द्रव्यं झाकली जातात, म्हणून स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही, सदासर्वकाळ बंदी. गोळीच्या नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’सारखं शेपूट असेल तर हा घटक असण्याची शक्यता मोठी. नुसतं टेल्मिसार्टन किंवा अ‍ॅम्लोडिपिन यादीत नाही. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकरवर पोहण्यात बंदी नाही. मात्र त्यांच्यामुळे हृदयाचे ठोके फारसे वर जात नाहीत, त्यामुळे सरावाचे ठोक्यांवरचे आकडे ती घेणाऱ्यांना लागू पडत नाहीत.

यावर उपाय दोन. डॉक्टरांना स्पर्धेचं सांगून, चालण्याजोगं असेल तर औषध बदलून घ्या. बदल किमान दोन-तीन महिने आधी करा, म्हणजे रक्तदाब स्थिर झाला की नाही ते सरावातच कळेल. बदलता येत नसेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज, म्हणजे टीयूई, स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी, तपासण्यांच्या कागदांसह. स्वतःच्या मनाने गोळी बंद करून शर्यतीला उभं राहणं हा पर्यायच नाही.

आणखी काही, तुमच्या क्लबातल्या इतरांसाठीही: इन्सुलिनला टीयूई लागते, मेटफॉर्मिनला नाही. दम्यासाठीचा सॅलब्युटामॉलचा पंप २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतो, पण कोणत्याही आठ तासांत ६०० च्या वर नाही. सर्दीच्या गोळ्यांतलं स्युडोएफेड्रिन स्पर्धेच्या आधीचे २४ तास तरी टाळा. तोंडावाटे घेतलेली स्टेरॉइड स्पर्धाकाळात बंद आहेतच, आणि २०२२ पासून इंजेक्शनवाटे घेतलेलीही. पोहणाऱ्यांच्या दुखऱ्या खांद्यात सर्रास देतात ते इंजेक्शनही त्यात आलं. प्रवासात सगळी औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या सामानात.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहात, तर हृदयाची ताण-चाचणीही याच भेटीत उरकून घ्या.

संथपाणी:
पाकीट पाहिलं. हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलीग्रॅम आहे! पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जातो. मनापासून आभार.

पोहोचायचं तीन दिवस आधी ठरवलं तर चालेल का? आणि दोन वेगळ्या क्लबांतले मित्र मिळून रिले काढायची म्हणताहेत.

टर्नमास्तर:
तीन दिवस चालतात. पहिल्या दिवशी २० मिनिटं हलकं पोहणं, दुसऱ्या दिवशी स्पर्धेच्या पूलमध्ये स्टार्ट आणि टर्न, तिसऱ्या दिवशी आराम. त्याहून आधी जाऊन खर्च वाढतो आणि माणूस शहर बघत पायपीट करत बसतो.

पहाटपोहणी:
टर्नमास्तर, एक-दोन तासांच्या फरकाला हे बरोबर. पूर्वेकडे सहा तासांना नाही. पूर्वेला जाताना शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं, पश्चिमेला जाताना दीड. तीन दिवसांत ते निम्मंच पोहोचेल. सकाळी सातचा वॉर्मअप म्हणजे पहिल्या दिवशी शरीराच्या हिशोबाने रात्रीचा एक.

पाच-सहा दिवस आधी जाणं सर्वात चांगलं. सुट्टी नसेल तर काम घरूनच सुरू करा: निघण्याआधी चार दिवस रोज अर्धा ते एक तास लवकर झोपा आणि लवकर उठा, उठल्याबरोबर भरपूर उजेडात बसा. दोन-तीन तास इथेच वसूल होतात.

तिथे पोहोचल्यावर उजेड कधी घ्यायचा यात बहुतेक जण चुकतात. नेहमी उठण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान तळाला असतं. त्यानंतरचा उजेड घड्याळ पुढे नेतो, त्याआधीचा मागे ढकलतो. घरी सहाला उठणाऱ्याचा तळ चारच्या सुमारास, म्हणजे तिथले सकाळचे दहा. तेव्हा पहिल्या दिवशी सकाळी दहापर्यंत गडद चष्मा लावा आणि दहा ते एक मोकळ्या उजेडात फिरा. पुढे रोज ही वेळ तासाभराने अलीकडे आणा. घरी आधीच दोन तास सरकवले असतील तर आठपासून सुरुवात. ‘पोहोचलात की पहाटे उन्हात फिरा’ हा सरसकट सल्ला पूर्वेकडच्या लांब प्रवासात उलटा पडतो.

टर्नमास्तर:
उजेडाचा हा हिशोब पटला. सहा तासांसाठी माझे तीन दिवस मागे घेतो.

सामानाचं: शर्यतीचा पोशाख, दोन गॉगल, टोपी हे हातातल्या बॅगेतच. पोशाख वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सने मंजूर केलेला हवा, तशी खूण शिवलेली किंवा छापलेली असते. पुरुषांचा बेंबीखाली ते गुडघ्यापर्यंत, बायकांचा खांद्यांपासून गुडघ्यापर्यंत. चेन नाही, आणि एकावर एक दोन पोशाखही नाहीत. अंगावर टेप लावायची तर आधी परवानगी घ्या. नवा घट्ट पोशाख चढवायला १५-२० मिनिटं लागतात. पावलांवर प्लॅस्टिकची पिशवी घालून पाय आत सारा, कापड नखांनी नाही तर बोटांच्या पेरांनी थोडं थोडं वर घ्या. कोरड्या अंगावरच चढतो, म्हणून वॉर्मअप जुन्या पोशाखात करून नीट अंग पुसा. सरावात एकदा तरी तो घालून पूर्ण २०० पोहा. मांडीवर फार आवळत असेल तर ब्रेस्टची किक आखडते, आणि ते तिथे कळून उपयोग नाही.

वॉर्मअपच्या पूलमध्ये एका लेनमध्ये वीस-पंचवीस जण असतात. उडी फक्त ठरलेल्या लेनमध्येच. दारं उघडताच जा. नंतर वेगात पोहायला जागाच मिळत नाही. तुमची शर्यत दोन-तीन तासांनी असेल तर अंग पुन्हा थंड पडतं, त्यामुळे मोजे, जाकीट आणि कॉल रूमला (शर्यतीआधी स्पर्धकांना जमवतात ती खोली) जाण्याआधी १० मिनिटं रबर बँडचा व्यायाम. हीटचा क्रम पुढे सरकतो, लोक गैरहजर राहतात. छापील वेळेवर विसंबू नका, हीटचे क्रमांक बघत राहा.

हीट संपली तरी लगेच बाहेर यायचं नाही. पुष्कळदा पुढच्या हीटचा स्टार्ट तुमच्या डोक्यावरून होतो. लेनची दोरी धरून स्थिर राहा, सांगतील तेव्हा बाहेर.

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये बाद होण्याची कारणं ठरलेली: टर्नला किंवा शेवटी दोन्ही हात एकाच वेळी न लागणं, किकमध्ये एक पाय कात्रीसारखा जाणं, पुलआउटमध्ये एकापेक्षा जास्त डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेली), आणि दुसऱ्या स्ट्रोकचे हात सर्वात रुंद जागेवरून आत वळण्याआधी डोकं पाण्याबाहेर न येणं. शेवटचं स्वतःला कळत नाही, म्हणून पाण्याखालून चित्रीकरण करून घ्या. स्टार्टचा एकच मौका असतो. ब्लॉकवर वाकताना तोल जात असेल तर मास्टर्समध्ये काठावरून किंवा पाण्यातून भिंतीला धरून स्टार्ट घ्यायची मुभा आहे, जरूर घ्या.

लेनदोरी:
रिलेचं उरलं. चौघेही एकाच क्लबचे लागतात. वेगळ्या क्लबांतले मित्र एकत्र येऊ शकत नाहीत, आणि एका स्पर्धेत एकाच क्लबकडून पोहता येतं. मित्रांना तुमच्या क्लबात यायचं असेल तर नोंदणी प्रवेशिकेची मुदत संपण्याआधी बदलायला हवी. फेडरेशनचे त्यासाठीचे नियम आधी विचारा.

गट चौघांच्या वयांच्या बेरजेवर: १००-११९, १२०-१५९, १६०-१९९, २००-२३९, असा पुढे चाळीस-चाळीसचा. वय इथेही ३१ डिसेंबरचं. तुम्ही ५०, बाकीचे ५२, ५६ आणि ४१ असाल तर बेरीज १९९, म्हणजे तुमच्या चौकडीला जवळपास चाळीस वर्षांनी लहान बेरजेच्या चौकडीशीही झुंजावं लागेल. ४१ ऐवजी ४२ वर्षांचा कुणी मिळाला तर २०० होतात आणि गट बदलतो. मिश्र रिलेत दोन पुरुष, दोन बायका, क्रम कोणताही. फक्त दिलेल्या क्रमानेच पोहायचं. ऐन वेळी आपापसात अदलाबदल केली तर सगळा संघ बाद होतो, म्हणून क्रमाचा कागद देण्याआधी चौघांनी मिळून वाचा.