ठरवलेल्या कुस्तीवर अख्खा देश भुलतो तेव्हा: ब्रिटिशांच्या वेडांचं कौतुक करायचं की नाही?

यॉर्कशायरी पुणेकर (धागाकर्ता)

ब्रिटिश माणूस म्हणजे थंड, अबोल, चहाच्या कपाआड तोंड लपवणारा, असं ज्यांना वाटतं त्यांनी यूट्यूबवर आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीची सत्तरच्या दशकातली कुस्ती बघावी. 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट' हा कार्यक्रम 1965 ते 1985 चालला. त्यात दर शनिवारी दुपारी चारला, फुटबॉलचे निकाल यायच्या आधी, कुस्ती लागायची. पहिल्या रांगेत आज्ज्या बसलेल्या. खलनायक दोरापाशी आला की त्याला पर्सने नाहीतर छत्रीने बडवायच्या. नायक बिग डॅडी, खरं नाव शर्ली क्रॅबट्री, मुक्काम हॅलिफॅक्स, वजन दीडशे किलोच्या पुढे. त्याचा पहिला पोशाख म्हणे बायकोने घरच्या सोफ्याच्या फुलाफुलांच्या कापडातून शिवला होता. समोर 6 फूट 11 इंचांचा जायंट हेस्टॅक्स. हे दोन डोंगर पोटाला पोट भिडवायचे आणि सभागृह 'ईझी, ईझी' म्हणून ओरडायचं.

कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असायचं आणि बहुतेकांना ते आतून ठाऊक होतं. तरीही नियमावली कशी होती बघा. 1930 च्या दशकात तिथली कुस्ती फार रानटी झाली, लंडनमध्ये बंदीपर्यंत गोष्ट गेली. मग 1947 मध्ये एक समिती बसली आणि तिच्या नियमांना नाव मिळालं ॲडमिरल लॉर्ड माउंटएव्हान्स यांचं. हे गृहस्थ कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतले त्याचे दुय्यम अधिकारी! फेऱ्या, सात वजनी गट, दोन चितपट किंवा शरणागती, पंचांच्या जाहीर ताकिदी, सगळं लिहून काढलं.

विक्षिप्त माणसं कुठल्याही गावात असतात. ब्रिटिश मात्र विक्षिप्तपणाला नियम, समिती आणि ठरलेली वेळ देतात, म्हणून त्यांची वेडं टिकतात, असं माझं मत आहे. चेशरमधल्या विलॅस्टन गावात 1980 पासून जमिनीतून गांडुळं बाहेर काढायची स्पर्धा होते. तीन मीटर बाय तीन मीटरची जागा, अर्धा तास वेळ, खणायला बंदी. संध्याकाळी पक्षी झोपायला गेले की गांडुळं परत मातीत सोडायची, हाही नियमच. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. तुम्हाला?

तालमीतला

मला अजिबात नाही. याला आमच्याकडं नुरा कुस्ती म्हणतात, आणि खासबागेत नुरा झालेली कळली तर पब्लिक पैसे परत मागतंय, पैलवान वर्षभर तोंड दाखवत नाही. तुम्ही त्याचं कौतुक सांगताय, वर ॲडमिरल आणताय!

खरी कुस्ती लंडननं 1910 सालीच बघितलीय. गामा तिकडं गेला होता. झिबिस्को नावाचा पोलंडचा पैलवान त्याच्यापुढं अडीच तासांच्या वर निव्वळ पोटावर पडून राहिला. आठवड्यानं परत कुस्ती ठरली, तर गडी फिरकलाच नाही. पट्टा गामाला. नंतर 1948 ला आपले खाशाबा लंडन ऑलिम्पिकला गेले, कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. मॅटवर खेळायची सवय नसताना सहावे आले. त्या देशानं हे सगळं बघून मग सोफ्याच्या कापडातला बाबा डोक्यावर घेतला. याला आवड म्हणायचं?

यॉर्कशायरी पुणेकर

खाशाबांबद्दल वाद नाहीच. पण दशावतारात संकासुर खरंच मेला का, असं विचारत कोणी मांडवातून उठून जातं का? टीव्हीवरची कुस्ती त्या जातीची होती. केंडो नागासाकी नावाचा मुखवटेवाला सामुराई होता (जपानशी संबंध शून्य). वर्षानुवर्षं त्याने तोंड दाखवलं नाही आणि 1977 मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला रीतसर समारंभ करून मुखवटा उतरवला. चेहऱ्याचा पत्ता लागू न देणं हेही कसबच की.

तिरकस

एक कळत नाही. आपल्या गल्लीतला माणूस रोज पुलावर उभा राहून रेल्वे इंजिनांचे नंबर वहीत लिहायला लागला तर आपण म्हणू, बिचाऱ्याला कामधंदा नाही. गोऱ्याने केलं की 'छंद', त्यावर माहितीपट, त्यावर धागा. साहेब जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण आपलं कौतुक काही संपत नाही.

रूळवेडा

तिरकसराव, गैरसमज आहे. त्या लोकांची सर्वात जास्त टिंगल ब्रिटनमध्येच होते. नंबर टिपणारे फलाटावर टोपीचा जाड कोट घालून उभे असायचे, त्या कोटाचं नाव 'ॲनोरॅक' हीच तिकडे शिवी झाली आहे. टिंगल सोसूनही ते टिकले, हे मला मोठं वाटतं.

याची सुरुवात गंमतशीर आहे. इयन ॲलन नावाचा तरुण सदर्न रेल्वेच्या वॉटर्लूच्या कचेरीत कामाला होता. लोक पत्रं लिहून इंजिनांची माहिती विचारायचे. उत्तरं देऊन तो वैतागला आणि 1942 मध्ये, ऐन युद्धात, त्याने सगळ्या इंजिनांच्या यादीची छोटी पुस्तिका छापली. ती धडाधड खपली, पुढे पोरांची एक अख्खी पिढी खिशात ती घेऊन फलाटांवर उभी राहिली.

आणि हे नुसतं वहीत राहिलं नाही. वेल्समधली टॅलिलिन ही अरुंद रुळांची रेल्वे बंद पडणार होती. 1951 मध्ये हौशी लोकांनी ती चालवायला घेतली, पगार न घेता. स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली पहिली रेल्वे. ब्रिटिश रेल्वेने 1968 मध्ये वाफेची इंजिनं मुख्य मार्गांवरून काढली, तोवर ब्लूबेलसारख्या आणखी रेल्वे उभ्या होत्या. आज तिथे तिकीट काढून बसता येतं, कोळसा टाकणारा निवृत्त मास्तर असतो. आपली शकुंतला, यवतमाळ-अचलपूरची, आठवते? तिच्यासाठी आपण काय केलं? चार लेख लिहिले.

तिरकस

शकुंतला काढलीत म्हणजे वर्मावर बोट ठेवलंत. पण पगार न घेता कोळसा टाकायला पेन्शन लागते.

गिरणगावकर

पेन्शन निघालीच आहे तर मूळ मुद्द्यावर येऊ. धागाकर्ते नियम, समिती वगैरे म्हणतात. मी म्हणतो, शनिवार. तो कुठून आला? 1850 च्या कारखाने कायद्याने कापडगिरण्यांमध्ये बायका आणि पोरांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवणं सक्तीचं केलं. हळूहळू बाकीच्यांनाही अर्धी सुट्टी मिळू लागली. फुटबॉलचे सामने तीनला का सुरू होतात, याचं उत्तर तिथे आहे. टीव्हीवरची चारची कुस्ती त्याच सुट्टीवर वाढली. स्वभाव वगैरे नंतर.

आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी कधी आली? नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून मिळवली, 10 जून 1890 ला. तोवर मुंबईचा गिरणी कामगार सातही दिवस साच्यावर. आणि सुट्टी मिळाल्यावर गिरणगावाने काय केलं? व्यायामशाळा काढल्या, कबड्डीचे संघ, भजनी मंडळं, लेझीम, नाटकं. समित्याही होत्या, पावतीपुस्तकंही होती. त्याला कोणी 'गिरणगावचा विलोभनीय विक्षिप्तपणा' म्हटलं नाही.

आता तुमची कुस्ती मेली कशी ते सांगतो. 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट' संपल्यावरही ती चालू होती, डिसेंबर 1988 मध्ये आयटीव्हीने ती बंद केली. क्रीडा विभागाचा प्रमुख ग्रेग डाइक. वाहिनीवरचा जुन्या कामगारवर्गाचा शिक्का त्याला पुसायचा होता. माउंटएव्हान्स नियम होते, ठरलेली वेळ होती, आज्ज्या होत्या. एका सहीत सगळं गेलं. ज्यांच्या हातात सही असते त्यांना कोणाचं वेड परवडतं, हा प्रश्न विचारा.

यॉर्कशायरी पुणेकर

लोखंड्यांचा मुद्दा बिनतोड. डाइकचा अर्धाच घेतो. कुस्ती तोवर स्वतःच सडत आली होती. बिग डॅडीचा भाऊ मॅक्स क्रॅबट्री कुस्त्या लावायचा, त्यामुळे पन्नाशी उलटलेला, धाप लागणारा डॅडी प्रत्येक वेळी शेवटी यायचा, पोटावर पडायचा आणि जिंकायचा. कसबी मल्ल बाजूला पडले. जॅकी पॅलो या मल्लाने 1985 च्या आत्मचरित्रात आतल्या गोष्टी फोडल्या. 1987 मध्ये ग्रेट यार्मथला डॅडीशी कुस्ती झाल्यावर किंग काँग कर्क रिंगणातच कोसळला आणि गेला, त्याने गंमतच निघून गेली.

शिवाय सगळं कामगारवर्गीय गेलं असंही नाही. स्नूकर बघा. क्लबात धुराच्या ढगात खेळायचा खेळ. बीबीसी टूवर रंगीत चित्र दाखवायला काहीतरी हवं होतं, म्हणून 1969 मध्ये 'पॉट ब्लॅक' हा स्नूकरचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्या वाहिनीचे प्रमुख डेव्हिड ॲटनबरो, हो तेच, प्राण्यांचे. 1985 च्या जागतिक अंतिम सामन्यात डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस शेवटच्या काळ्या चेंडूपर्यंत गेले. मध्यरात्र उलटून गेलेली, आणि 1 कोटी 85 लाख लोक जागे होते.

कॅरमवाला

आणि स्नूकर जन्मलं कुठे? जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, 1875. बिलियर्ड्सचे आपले विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले, 1958 ला कोलकात्यात जागतिक हौशी अजिंक्यपद. कुठल्याही खेळातला भारताचा पहिला जगज्जेता. धाग्यात नाव यायला हवं म्हणून लिहिलं. चालू द्या.

शेजारीण लेस्टरची

एवढा वेळ वाचतेय. कुस्ती, इंजिनं, स्नूकर. धाग्यावर बायका फक्त पर्स मारायला!

कोणी सांगितलं का, की इंग्लंडच्या गावोगावच्या प्रदर्शनांत मुरंब्याच्या बरणीत बुडबुडा दिसला तर गुण कापतात? विमेन्स इन्स्टिट्यूट ही बायकांची संघटना ब्रिटनमध्ये 1915 ला वेल्सच्या अँगलसी बेटावर सुरू झाली. टीव्हीवरचं केकस्पर्धेचं 'बेक ऑफ' 2010 मध्ये आलं, त्याच्या कितीतरी आधीपासून या बायका स्पंज केक सुरीने उघडून आतली जाळी तपासत होत्या. आणि खरं सांगू, तो खेळीमेळीचा मामला नसतो. मी एकदा लिंबाचं गोड लोणचं ठेवलं होतं. परीक्षक बाईंनी चमचाभर खाल्लं, चिठ्ठीवर फक्त 'उत्साही' एवढं लिहिलं आणि पुढे गेल्या.

दुसरं, हे छंद स्वस्त नाहीत. माझा मुलगा वॉरहॅमर या खेळातल्या प्लास्टिकच्या सैनिकांना रंग लावतो. मूठभर सैनिकांच्या पैशांत आमची आठवड्याची भाजी येते. ते बनवणारी गेम्स वर्कशॉप ही नॉटिंगहॅमची कंपनी, 1975 मध्ये तीन मित्रांनी काढलेली, डिसेंबर 2024 मध्ये लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभरांत जाऊन बसली. समिती कसली, दुकानदारी आहे. मुलाला मात्र तिथे मित्र मिळाले, हे कबूल करते. शाळेत न बोलणारी चार पोरं ब्रश हातात घेऊन तीन तास बोलतात.

चिवडा

सगळ्यांनी जरा किटली लावा. 1990 च्या विश्वचषकात इंग्लंड-पश्चिम जर्मनी उपांत्य सामना संपल्यावर ब्रिटनने एकदम किटल्या लावल्या, तेव्हा विजेची मागणी 2,800 मेगावॅटने उडाली होती. वेल्समध्ये डिनोर्विग नावाचं जलविद्युत केंद्र डोंगराच्या पोटात आहे, असे झटके सांभाळायला त्याचा उपयोग होतो. कोयनेच्या एकूण क्षमतेपेक्षा मोठा झटका, निव्वळ चहासाठी. धागाकर्ते 'ठरलेली वेळ' म्हणतात ती ही असावी.

यॉर्कशायरी पुणेकर

चिवडा, नेमकं. वेळ सगळ्यांची एक होती.

गिरणगावकर

मग 2018 चं काय? आयटीव्हीने 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट'च्याच आद्याक्षरांनी, 'डब्ल्यूओएस' नावाने कुस्ती परत आणली, शनिवारीच संध्याकाळी, दहा भाग. तेच नाव, तोच वार, नवे तगडे मल्ल. पुढचा हंगाम आला नाही. तुमच्या सिद्धांताप्रमाणे चालायला हवी होती. चालली नाही, कारण शनिवारी दुपारी टीव्हीसमोर बसणारं ते घर, ती गिरणी, ती खाण राहिली नव्हती. मधल्या काळात पोरं अमेरिकन डब्ल्यूडब्ल्यूएफकडे गेली. 1992 ला वेम्बली स्टेडियमवर सुमारे ऐंशी हजार लोक आले, तिथे ब्रिटिश बुलडॉग जिंकला, पण अमेरिकी कंपनीच्या तंबूत. त्याच सुमारास आपण शाळेत त्याचेच पत्ते खेळत होतो, छातीचा घेर किती, उंची किती.

यॉर्कशायरी पुणेकर

टीव्हीवरची गेली, हे खरं. पण गावांतल्या हॉलमध्ये अजून लागते, छोट्या कंपन्या आहेत, आज्ज्यांच्या जागी नातवंडं ओरडतात. वेड टीव्हीवाचून राहिलं, त्यामुळे तुमचा 'एका सहीत सगळं गेलं' हा निष्कर्ष मला मान्य नाही.

गिरणगावकर

हॉलमध्ये पन्नास माणसं आणि घरोघरी लाखो, यात फरक नाही म्हणता? बरं.

तिरकस

यंदा आमच्या सोसायटीत गांडुळांची स्पर्धा ठेवतो. समिती तयार आहे, तिच्यात आत्ताच दोन गट पडलेत.

तालमीतला

धागाकर्त्यांच्या सांगण्यावरून रात्री सातआठ कुस्त्या बघितल्या. तो मिक मॅकमॅनस पंचाची पाठ वळली की गुद्दे घालतोय आणि स्वतःच्या कानाला हात लागला की बोंब मारतोय. आमच्या मैदानात असता तर गाडीपर्यंत चालत गेला नसता. पण तो जॉनी सेंट म्हणून बारका गडी आहे, त्याची पकडीतनं सुटायची रीत दोनदा मागं घेऊन बघितली. हात कुठं, पाय कुठं, गडी गुंडाळी होऊन बाहेर. ते शिकल्याशिवाय येत नाही. नुरा असू दे, तो पैलवान आहे. आमच्या वस्तादांना दाखवणार आहे.

बिग डॅडी नाही. तेवढं मान्य करायला लावू नका.