रोझेटीच्या ‘प्रॉसर्पाइन’चा प्रिंट: वरचा भाग माउंटखाली जाऊ द्यावा का?

वैदेही_रेडिंग
नमस्कार मंडळी. लंडनच्या टेट ब्रिटन संग्रहालयात रोझेटी या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज चित्रकाराचं ‘प्रॉसर्पाइन’ पाहिलं आणि तिथून पाय निघेना. मोठा प्रिंट घेतलाय. फ्रेमवाला म्हणतो, चित्र फार उभट आहे, तयार मापाच्या फ्रेममध्ये बसवायचं तर वरचा थोडा भाग माउंटखाली (चित्राभोवती लावतात त्या पुठ्ठ्याखाली) जाईल, तिथे ‘नुसती भिंत आणि अक्षरं’ आहेत. मापाने करून घेतली तर खर्च बराच वाढतो. काय करू? आणि मागच्या वेलीला काही अर्थ आहे का?

उभा_ब्रश
वैदेहीताई, एक बोटभरही झाकू देऊ नका. मी आयुष्यभर चित्रकला शिकवली, म्हणून हक्काने सांगतो.

मूळ चित्र १२५ × ६१ सेंमी आहे, म्हणजे रुंदीच्या दुप्पट उंची. प्रॉसर्पाइन ही रोमन पुराणातली देवी, पाताळाच्या राजाने पळवून नेलेली. त्याच्या राजवाड्याच्या अंधाऱ्या बोळात ती उभी आहे. ती कोंडी या मापातूनच जाणवते. तिथे काही खाल्लं नसेल तरच परत जाता येईल, अशी अट होती आणि तिने डाळिंब चाखलेलं आहे. डाव्या हातात ते फळ, आणि उजव्या हाताने तिने स्वतःचंच डावं मनगट धरलंय. नीट बघा ते, मला तर सगळं दुःख त्या पकडीत दिसतं.

डोक्यामागच्या भिंतीवरचा उजेड क्षणभर उघडलेल्या वरच्या जगाचा. वेल आयव्हीची, रोझेटीने स्वतःच तिला चिकटून राहणाऱ्या आठवणीची खूण म्हटलंय. समोरचं धुपाटणं ती देवी असल्याचं सांगतं. आणि ती ‘अक्षरं’ म्हणजे त्याने याच चित्रासाठी इटालियनमध्ये लिहिलेलं सुनीत! त्याचं इंग्रजी रूप मूळ चौकटीवर आहे. चौकटही त्यानेच आखली, तिच्यावरची गोल नक्षी कापलेल्या डाळिंबासारखी दिसते. इतका विचार केलेल्या माणसाचं चित्र तयार मापासाठी झाकायचं?

सॉल्टहिल
रोझेटीने हे चित्र एकाहून जास्त वेळा रंगवलं. तुमच्या प्रिंटमध्ये केस काळसर आहेत ना? मग तुमचा प्रिंट टेटमधल्या १८७४च्या चित्राचाच. बर्मिंगहॅमला १८८२चं आहे, त्यात केस तांबूस आहेत. रोझेटी त्याच वर्षी गेला. मॉडेल जेन मॉरिस, रोझेटीचा मित्र, कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिसची बायको. रोझेटीचा जीव तिच्यात गुंतलेला होता, हे माहीत असलं की चित्र आणखी जड वाटतं.

वैदेही_रेडिंग
केस काळसरच आहेत. काका, मनगटाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं, आता नजर तिथेच जाते. मापानेच करून घेते. काच कोणती घेऊ?

उभा_ब्रश
चकाकी न मारणारी. चित्र गडद आहे, साध्या काचेत तुम्हाला तुमचाच चेहरा दिसेल. माउंट अ‍ॅसिड-फ्री मागा, नाहीतर कागद कडेने पिवळा पडतो. थेट ऊन येणारी भिंत टाळा. फ्रेमची पट्टी सोनेरी घ्या, पण जुन्या सोन्यासारखी, झगमगीत नको. लागली की फोटो नक्की टाका.