डिझेल हीटर कडाक्याच्या थंडीत पेटत नाही, पेटला तर पहाटे विझतो: काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे?

हिमवाट (कॅल्गरी)

नमस्कार. आम्ही कॅल्गरीला राहतो आणि हिवाळ्यात सुटी मिळाली की व्हॅन घेऊन कानानास्किस किंवा बॅन्फच्या बाजूला मुक्कामाला जातो. व्हॅनमध्ये चिनी बनावटीचा, १२ व्होल्टवर चालणारा, ५ किलोवॅटचा डिझेल हीटर बसवलेला आहे. त्याला डिझेल गाडीच्या टाकीतून जात नाही. मागच्या दाराशी १० लिटरची प्लास्टिकची वेगळी टाकी आहे, तिच्यातून जाते. ऑक्टोबरपर्यंत हीटर बिनतक्रार चालला. पारा उणे २० च्या खाली उतरल्यापासून मात्र दोन प्रकारचा त्रास सुरू झाला आहे.

सकाळी सुरू करताना पंपाची टिकटिक ऐकू येते, एक्झॉस्टमधून डोळ्यांना झोंबणारा दाट पांढरा धूर निघतो, हीटर आपणहून दुसरा प्रयत्न करतो आणि मग ई-१० दाखवून बंद पडतो. याउलट रात्री पेटलेला हीटर सर्वांत कमी आचेवर ठेवून आम्ही झोपलो, तर पहाटेच्या सुमारास तो ई-०८ दाखवून विझलेला असतो. दुपारी, गाडीचे इंजिन चालू असताना, तोच हीटर बहुतेक वेळा पेटतो.

विकणाऱ्याने ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी, विजेने तापणारी कांडी) बदला म्हणून सांगितले, एका परिचितांनी पंप बदलायला सांगितला, तर दुसऱ्यांना कंट्रोल बोर्डाचा संशय आहे. अंदाजाने एकेक भाग बदलत बसण्याची माझी तयारी नाही. सोबत लहान मुलगी असते, त्यामुळे धूर आत येण्याचीही धास्ती वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

यंत्रमित्र (श्टुटगार्ट)

ताई, आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निम्मे काम त्यातच झाले आहे. वाहनांचे हीटर दुरुस्त करणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

हे दोन वेगळे दोष आहेत असे धरून चला. कंट्रोलरच्या बनावटीप्रमाणे सांकेतिक क्रमांक थोडे बदलतात, पण बहुतेक चिनी हीटरमध्ये ई-१० म्हणजे ज्योत पेटलीच नाही आणि ई-०८ म्हणजे पेटलेली ज्योत विझली. पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. ती दिसते याचा अर्थ डिझेल बर्नरपर्यंत पोहोचत आहे. तेव्हा पंप किंवा बोर्ड बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. डिझेल पोहोचते आणि जळत नाही, याची कारणे तीनच असू शकतात: ते पेटवण्याइतकी उष्णता नाही, पुरेशी हवा नाही, किंवा डिझेलच योग्य नाही.

उष्णतेपासून सुरुवात करू. आपल्याकडे पूर्वी रॉकेलचा स्टो पेटवताना आधी काकडा लावून बर्नर तापवावा लागत असे, नाहीतर वाफ होण्याऐवजी तेल तसेच भडकत असे. या हीटरमध्ये ते काम ग्लो प्लग करतो. त्याच्या भोवती बारीक जाळी असते, तिच्यावर डिझेल पसरते, त्याची वाफ होते आणि ती पेट घेते. पेटवण्याच्या त्या दोन-तीन मिनिटांत ग्लो प्लग साधारण ८ ते १० अँपिअर प्रवाह ओढतो, एरवी चालू हीटरला त्याच्या तुलनेत फारच थोडी वीज पुरते. म्हणूनच बॅटरीवर १२.५ व्होल्ट दिसत असतानाही हीटरपाशी विजेची चणचण असू शकते. समजा, बॅटरी हीटरपासून ५ मीटरवर आहे. जाऊन-येऊन वायर १० मीटर झाली. ती १ चौरस मिलिमीटरची असेल तर १० अँपिअरला जवळजवळ १.७ व्होल्ट वायरमध्येच खर्ची पडतात. ४ चौरस मिलिमीटरची असेल तर अर्धा व्होल्टसुद्धा जात नाही. इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे (इंजिनवर फिरून वीज देणाऱ्या यंत्रामुळे) बॅटरीचे व्होल्टेज १४ च्या आसपास जाते आणि ही तूट भरून निघते. आपला हीटर दुपारी इंजिन चालू असताना पेटतो, यामागे मला मुख्यतः हेच कारण दिसते.

त्यामुळे पहिली तपासणी मल्टिमीटरने करा, आणि तीही बॅटरीवर न करता हीटरच्या जोडणीवर, ग्लो प्लग तापत असताना करा. तिथे ११ व्होल्टपेक्षा कमी दिसले तर फ्यूजचा होल्डर, टर्मिनल आणि ऋण बाजूची जोडणी हाताने चाचपून पाहा. एखादी जागा कोमट लागली तर तोटा तिथेच आहे. लांबी वाढवण्यासाठी मध्येच पिळून टेप लावलेला जोड असेल तर तो काढून टाका. बॅटरी शिशाची असेल तर थंडीने तिची क्षमता बरीच घटते, हेही हिशेबात धरावे लागते.

यानंतर डिझेल. वेगळ्या टाकीतले डिझेल केव्हा भरले होते? कॅनडात पेट्रोल पंपावर हिवाळ्यात थंडीला टिकणारे डिझेल मिळते, पण टाकीत सप्टेंबरचे डिझेल उरले असेल तर त्यातले मेण उणे तापमानात सुटू लागते, ते ढगाळ होते आणि फिल्टरमध्ये चिकटून राहते. गाडीची मोठी टाकी सतत नव्याने भरली जाते, ही छोटी टाकी मात्र नेमकी विसरली जाते. पहाटे, म्हणजे थंडी सर्वांत जास्त असताना, ज्योत विझते याचा संबंध मला इथे लागतो. काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढून रात्रभर बाहेर ठेवा. सकाळी ते गढूळ किंवा घट्ट दिसले तर टाकी आणि नळी पूर्ण रिकामी करून हिवाळी डिझेल भरा आणि फिल्टर नवा लावा. फिल्टरमध्ये पाणी साचून त्याचा बर्फ झालेलाही मी पाहिला आहे.

नळीकडेही लक्ष द्या. अशा संचासोबत बहुधा हिरवी, मऊ, रुंद पोकळीची नळी येते. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला ती फुगते आणि तिच्यात हवेचे लांब बुडबुडे अडकतात. कमी आचेवर ठोके विरळ असतात, त्यामुळे एवढा मोठा बुडबुडा बर्नरपाशी पोहोचला की ज्योत उपाशी राहून विझते. त्याऐवजी साधारण २ मिलिमीटर पोकळीची कडक नायलॉनची नळी वापरावी. रबरी जोडाच्या आत नळ्यांची टोके एकमेकांना टेकलेली असावीत, मध्ये फट राहू देऊ नये. पंप टाकीच्या जवळ, रबराच्या पट्ट्यात, बाहेर जाणारे तोंड वरच्या दिशेला तिरके ठेवून बसवलेला असावा. पंपाच्या मापाची शंका आली तर तेही घरी तपासता येते. त्यावर ०.०२२ किंवा २२ असे छापलेले असेल तर दर हजार ठोक्यांना २२ मिलिलिटर डिझेल यायला हवे. म्हणजे २०० ठोक्यांना ४.४ मिलिलिटर. हीटरकडची नळी सोडवून इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये डिझेल जमा केले की लगेच कळते.

हे सर्व ठीक निघाले तरच हीटर उघडावा. रात्रीमागून रात्री कमी आचेवर चालवलेल्या ५ किलोवॅटच्या हीटरमध्ये काजळी धरणे अटळ आहे, कारण कमी आचेवर बर्नर पुरेसा तापत नाही. छोट्या व्हॅनला खरे तर २ किलोवॅटचा हीटर पुरतो आणि तो भरपूर आचेवर चालत असल्याने स्वच्छ राहतो. मोठा हीटर घेतला की थंडी जास्त पळेल, हा समज विकणाऱ्यांनी फार वाढवला आहे.

सह्यकडा (पुणे)

यंत्रमित्र यांनी लिहिलेल्या क्रमाला माझे पूर्ण अनुमोदन आहे. त्यात उंचीचा मुद्दा जोडावासा वाटतो. आमची कॅम्पर लडाखला जाते आणि तिथे हा मुद्दा टाळून चालत नाही.

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन-तृतीयांश इतकाच असतो. पंप मात्र ठोक्याला तेवढेच डिझेल देत राहतो. डिझेल तेवढेच आणि हवा कमी, त्यामुळे ज्वलन अपुरे होते, काळा धूर येतो आणि थोड्या दिवसांत बर्नर काजळीने भरतो. पुण्यात किंवा महाबळेश्वरला उत्तम चाललेला हीटर तिथे मान टाकतो, तो यामुळेच. काही महागड्या हीटरमध्ये हवेच्या दाबाप्रमाणे डिझेलचे प्रमाण आपोआप कमी करण्याची सोय असते. साध्या हीटरमध्ये ते कंट्रोलरच्या अंतर्गत सेटिंगमध्ये जाऊन पंपाचे ठोके कमी करून साधावे लागते. आपण कॅल्गरीत १,००० मीटरच्या थोड्या वर आहात, पण आइसफील्ड्स पार्कवेवरचा बो समिट २,००० मीटरच्या पुढे जातो. तिथे मुक्काम करणार असाल तर ठोके थोडे कमी करून एक्झॉस्टचा धूर पाहावा. चालू हीटरच्या एक्झॉस्टमधून धूर जवळजवळ दिसू नये, ही सोपी कसोटी आहे. कडाक्याच्या थंडीत पाण्याची वाफ पांढरी दिसते, पण ती डोळ्यांना झोंबत नाही आणि तिला डिझेलचा वास नसतो.

डिझेलबद्दलही एक माहिती देतो. लडाखमध्ये हिवाळ्यात डिझेल घट्ट होण्याचा त्रास वाहनचालकांना वर्षानुवर्षे होता. इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात तिथे खास हिवाळी डिझेल आणले. पानिपतच्या रिफायनरीत तयार होणारे हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. तरीही मनालीच्या अलीकडे भरलेले डिझेल छोट्या टाकीत तसेच वर नेणारे प्रवासी दिसतात, आणि मग दोष हीटरला दिला जातो.

काजळी हलकी असेल तर टाकीत रॉकेल घालून हीटर पूर्ण आचेवर अर्धा तास चालवण्याचा उपाय उपयोगी पडतो, कारण रॉकेल जास्त स्वच्छ जळते. मात्र रॉकेलमध्ये वंगण कमी असल्याने पंपाच्या दृष्टीने तो नेहमीचा खुराक करू नये. पेट्रोल मात्र कोणत्याही प्रमाणात मिसळू नये. त्यात आगीचा धोका आहे.

दर्यावर्दी (ब्रिस्टल)

आपल्या प्रश्नातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आम्ही कालव्यावरच्या बोटीत राहतो आणि आमचाही हीटर असाच आहे, म्हणून कळकळीने लिहीत आहे.

या हीटरमध्ये ज्वलनाची हवा आणि खोलीतली हवा यांचे मार्ग पूर्ण वेगळे असतात. बाहेरची हवा एका नळीने बर्नरमध्ये जाते आणि एक्झॉस्टने बाहेर पडते. खोलीतली हवा ॲल्युमिनियमच्या तप्त भागाभोवती फिरून परत येते. हे दोन मार्ग कुठे मिसळले तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो, आणि त्याला रंग नसतो, वासही नसतो. हा वायू झोपेतच गाठतो. म्हणून अलार्म हवाच, आणि तो वाहनांसाठी व बोटींसाठी असलेल्या ईएन ५०२९१-२ या मानकाचा घ्यावा. झोपण्याच्या जागेजवळ लावून त्याचे बटण दाबून मुक्कामाला निघण्यापूर्वी दर वेळी तपासावा.

एक्झॉस्टचा सायलेन्सर गाडीच्या तळाखाली असताना त्याचे सांधे गळत नाहीत ना, हे हात न लावता, हीटर थंड असताना टॉर्चने पाहा; सांध्याभोवती काळा डाग दिसला तर तिथून धूर निसटतो आहे असे समजावे. एक्झॉस्टचे तोंड व्हॅनच्या बाहेरच्या कडेपर्यंत न्यावे आणि हवा घेणारी नळी त्यापासून दूर, दुसऱ्या दिशेला असावी. कॅल्गरीकडे बर्फ पडतो, तेव्हा रात्री तोंड बर्फाने बुजले का, हे झोपण्यापूर्वी आणि बर्फ पडत असेल तर मध्येही उठून पाहायला हवे.

हिमवाट (कॅल्गरी)

सर्वांचे मनापासून आभार. अलार्म लगेच मागवला आणि तो बसेपर्यंत हीटर लावून झोपायचे नाही, असे आम्ही ठरवले. तपासणीचे निष्कर्ष असे: ग्लो प्लग तापत असताना हीटरच्या जोडणीवर १०.२ व्होल्ट दिसले, तर त्याच वेळी बॅटरीवर १२.३ होते. फ्यूजचा होल्डर चांगलाच कोमट लागला आणि त्याच्या आतला पितळी भाग काळवंडलेला होता. नवा होल्डर आणि ४ चौरस मिलिमीटरची वायर घातल्यावर जोडणीवर ११.८ मिळतात आणि हीटर सकाळी पहिल्या प्रयत्नात पेटतो. बाटलीतले डिझेल रात्रीत दह्याच्या निवळीसारखे गढूळ झाले होते. टाकी रिकामी करून नवे डिझेल आणि फिल्टर घातला आहे.

सुरू होताना मिनिटभर काळा धूर मात्र येतो. आता हीटर उघडावा का? उघडताना नेमकी कोणती काळजी घ्यावी?

यंत्रमित्र (श्टुटगार्ट)

ताई, आधी रॉकेलवर पूर्ण आचेने चालवून पाहा. तेवढ्याने धूर गेला नाही तर उघडा. त्यापूर्वी बर्नरची आणि खालच्या तळाची अशी दोन्ही गॅस्केट (सांधा हवाबंद ठेवणाऱ्या चकत्या) आणि ग्लो प्लगची जाळी मागवून ठेवा, कारण निघालेले गॅस्केट परत लावायचे नसते. दर्यावर्दी यांनी लिहिलेला धोका तिथूनच उद्भवतो. काजळी लाकडी काडीने किंवा पितळी ब्रशने खरवडा, तोंडाला मास्क लावा आणि भुगा व्हॅक्यूमने ओढून घ्या. ग्लो प्लगच्या नळकांड्याला एक बारीक छिद्र असते, ते काजळीने बुजले तर नवी जाळी घालूनही हीटर धुरकटत राहतो. तेव्हा ते तारेने मोकळे करा आणि जाळीची खाच त्या छिद्रासमोर येईल अशी बसवा. स्क्रू ओळीने न आवळता समोरासमोरचे आलटून पालटून, थोडे थोडे करून आवळा.

यापुढे बंद करण्यापूर्वी रोज १५-२० मिनिटे पूर्ण आच द्या. बंद केल्यावर पंखा काही मिनिटे फिरत राहतो, तो आपणहून थांबेपर्यंत मुख्य स्विच बंद करू नका, नाहीतर आत कोंडलेली उष्णता ग्लो प्लग आणि सेन्सर दोन्ही खराब करते. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा थोडा वेळ चालवला की पंप आणि नळीतले डिझेल चिकट होत नाही.