मदत हवी आहे: सव्वासहाच्या आत डबा आणि नाश्ता, पोहे-उप्पीट सोडून काहीही

सकाळची_गडबड
कुणीतरी पटकन सांगा. सकाळी पोहे नाहीतर उप्पीट, डब्यात चपाती आणि बटाटा. दोन महिने तेच चाललंय. नवरा डबा अर्धा परत आणतोय, पोरगी नाश्त्याला तोंड लावत नाही. व्हिडिओ बघितले तर सगळ्यांत पनीर, चीज नाहीतर ब्रोकोली. 20 तारखेलाच पाकीट हलकं होतंय, ते कुठून आणू? सव्वासहाला सगळं तयार पाहिजे. आणि 'आदल्या रात्री तयारी करून ठेवा' एवढंच सांगू नका, ते मलाही कळतंय.

खानापूरची_माई
बाई, आधी घरात माणसं किती ते सांग. पोरगी केवढी? अंडं चालतं का? पाकीट हलकं म्हणजे आठवड्याला किती हातात असतात? कुठं राहतेस ते पण लिहिलं नाहीस.

दोन_शिट्ट्या
माणसं किती का असेनात, अख्खा मसूर करा. वाटीभर मसूर, कांदा, टोमॅटो, सात-आठ लसूण पाकळ्या, चमचाभर कांदा-लसूण मसाला, तीन वाट्या पाणी, सगळं थेट कुकरात. न भिजवता चार शिट्ट्या. (माझ्या नावावर जाऊ नका, मसुराला चार लागतात.) डब्यात घट्ट न्यायचा, रात्री उरलेल्यात पाणी वाढवून भातावर. आमच्यात आठवड्यातून तीनदा असतो, कुणी कुरकुरत नाही.

निपाणीकर
कुणी कुरकुरत नाही म्हणजे तुमच्या घरात बोलायची पद्धत नसेल. आणि मसूर मसाल्यावर नाही, चटणीवर आहे. संकेश्वरी मिरची तिखटाला, ब्याडगी रंगाला, दोन्ही निम्मी निम्मी. नुसती ब्याडगी घातली तर लालभडक दिसतंय पण जिभेला काही कळत नाही.

दोन_शिट्ट्या
तुम्ही चटणी म्हणा, आम्ही मसाला म्हणतो. मसुराला तरी सीमाप्रश्न लावू नका राव.

सकाळची_गडबड
बेळगावात, अनगोळला भाड्यानं राहतो. आम्ही दोघं, पोरगी 4 वर्षांची, बाळ 10 महिन्यांचं. अंडी चालतात, सोमवार-गुरुवार सोडून. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत, पहिली पाळी. भाजी-किराणा मिळून आठवड्याला 1200 च्या वर जायला नको. तांदूळ सासरहून येतो. फ्रीज नाही.

पुण्याहून_परत
ओव्हरनाइट ओट्स! रात्री दुधात भिजवायचे, सकाळी वरून मध आणि केळं. बाळालाही भरवता येईल. आणि जमलं तर हप्त्यावर एअर फ्रायर घ्या, माझं तर आयुष्य बदललं.

खानापूरची_माई
10 महिन्यांच्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. वर्षाच्या आत मध नको असं सगळेच डॉक्टर सांगतात. पोरीला दिला तर चालतो. आणि फ्रीज नाही म्हणते ती, उन्हाळ्यात रात्रभर दूध बाहेर ठेवायला सांगतोस? एका ओट्सच्या पाकिटात दोन किलो नाचणी येईल. नाचणी भिजवून, मोड काढून, सावलीत वाळवून दळून ठेव बाई. दोन चमचे पीठ पाण्यात कालवून शिजवलं की बाळाचं काम झालं.

पुण्याहून_परत
बरं, मधाचं चुकलं. एअर फ्रायरबद्दल मात्र मी ठाम आहे.

कडक_भाकरी
ताई, तुमच्या डब्याचा घोळ चपातीत आहे. फाउंड्रीच्या उष्णतेत बटाट्याची सुकी भाजी आणि गार चपाती कुणाच्या घशाखाली उतरणार? ज्वारीची कडक भाकरी आणा. आपल्या भागात बायकांचे गट करून विकतात. पापडासारखी असते, डब्यात कोरडी ठेवली तर आठ-दहा दिवस काही होत नाही, म्हणजे सकाळी तव्याचं काम संपलं. सोबत शेंगाचटणी, कच्चा कांदा, आणि मसूर किंवा झुणका, काहीतरी ओलं पाहिजेच.
उन्हाळ्यात दहीबुत्ती द्या. भात गरम असतानाच मळून त्यात दूध घाला, दही फक्त चमचाभर विरजणापुरतं. दुपारी 12 पर्यंत ते आपोआप लागतं. सकाळीच वाटीभर दही कालवलंत तर जेवायच्या वेळेला आंबून जातं. वरून सांडगी मिरची.

निपाणीकर
दहीभात म्हणा की. बुत्ती हा कन्नड शब्द.

कडक_भाकरी
आमची आजी मराठीच होती आणि बुत्तीच म्हणायची. शेतावर नेतात ती बुत्ती. तुम्ही तुमच्या डब्याला काय म्हणायचं ते म्हणा.

शहापूरकर_काका
लहान मुलांसाठी घरचा कुंदा उत्तम. 2 लिटर म्हशीचं दूध आटवायचं, थोडं दही घालून रवाळ करायचं, साखर घालून तांबूस रंग येईपर्यंत मंद आचेवर हलवत राहायचं. दीड-दोन तास हात थांबवायचा नाही.

दोन_शिट्ट्या
काका, तिला सव्वासहाला डबा पाहिजे.

खानापूरची_माई
पोरीसाठी सुसला कर. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून काढ, जास्त वेळ ठेवलेस तर लगदा होतो. फोडणीत मोहरी, कढीपत्ता, कांदा, हळद, मग चुरमुरे, शेवटी पंढरपुरी डाळ्याचं पीठ दोन चमचे. पिठानं सुसला मोकळा होतो आणि पोटालाही आधार राहतो. दहा मिनिटं सुद्धा लागत नाहीत. पोह्यांना नाक मुरडणारी पोरं हे खातात, आमच्याकडची तीन खाऊन मोठी झाली. थंडीत रताळी येतात तेव्हा उकडून गुळाबरोबर. खानापूर-बेळगावची रताळी सोडून ब्रोकोली शोधत बसलीस!

रेशनची_पिशवी
रेशन कार्ड आहे का? असेल आणि सासरच्या गावच्या दुकानावर असेल तरी काही बिघडत नाही, अंगठा लावून अनगोळातल्या दुकानात धान्य उचलता येतं. त्या तांदळाचा डोसा चांगला होतो. 3 वाट्या तांदूळ, 1 वाटी उडीद, थोडी मेथी.

निपाणीकर
2023 च्या जुलैपासून कर्नाटकच्या अन्नभाग्य योजनेतल्या जादा 5 किलो तांदळाच्या बदल्यात माणशी 170 रुपये खात्यात यायचे, ते बरं होतं. मग परत तांदूळ सुरू केला.

रेशनची_पिशवी
तुम्हाला बरं होतं. आमच्यात चार महिने खातं जोडायलाच गेले. तांदूळ निदान दिसतो तरी.

सकाळची_गडबड
तांदूळ आहे म्हटलं ना. डोशाचं पीठ फ्रीजशिवाय दुसऱ्या दिवशी आंबट ढाण होतं. आणि तुम्ही सगळे मसूर कर, भात कर, सुसला कर, नाचणी शिजव म्हणताय, ते एकाच शेगडीवर कसं करू? दुसरा बर्नर दिवाळीपासून पेटत नाही.

दोन_शिट्ट्या
हे आत्ता सांगताय??

खानापूरची_माई
अगं, हे पहिल्या ओळीत लिहायचं!

सेकंड_शिफ्ट
आधी रेग्युलेटर बंद करा. बर्नरची पितळी टोपी काढून गरम पाण्यात लिंबू आणि साबण घालून तासभर भिजवा, जुन्या ब्रशनं घासा, पूर्ण वाळू द्या. उतू गेलेलं दूध भोकांत बसून घट्ट होतं, बऱ्याचदा तेवढंच असतं. तरी पेटला नाही तर आत जेट असतो, तो सुईनं मोकळा करा.

कडक_भाकरी
जेटला सुई लावू नका. भोक मोठं झालं तर गॅस जास्त येतो, ज्योत पिवळी पडते, भांडी काळी होतात आणि सिलिंडर लवकर संपतो. दुरुस्तीवाल्याला दाखवा.

सेकंड_शिफ्ट
मी 20 वर्षं सुईनंच करतोय.

कडक_भाकरी
मग तुमची भांडी कशी आहेत ते वहिनींना विचारून लिहा.

दोन_शिट्ट्या
तोवर एका शेगडीवर असं करा. कुकरात तळाला पाणी, खालच्या डब्यात मसूर सगळं साहित्य घालून, वरच्या डब्यात भात, त्यावर छोट्या वाटीत बाळाची मूगडाळ आणि गाजर, त्यात मीठ-तिखट काही नको. डब्यातल्या मसुराला वेळ लागतो म्हणून रात्री भिजत घाला. (भिजत घालण्याला तयारी म्हणत नाहीत, रागावू नका.) 5:20 ला चढवला की 5:40 च्या आसपास बंद. आता ऐका. कुकर बंद केला की खाली उतरवून ठेवायचा. वाफ जिरेपर्यंत आतलं शिजतच असतं, आणि तेवढी पंधरा मिनिटं शेगडी मोकळी. त्यात सुसला, नाहीतर अंड्याची पोळी. शिट्टी हातानं उचलून वाफ काढायची घाई करू नका, डाळ टोपणाबाहेर येते.

खानापूरची_माई
हे बरोबर आहे. भाकरी विकतची घेतलीस की तवा लागतच नाही. आणि मसुरात चटणी घालायच्या आधी पोरीपुरता वेगळा काढ.

दोन_शिट्ट्या
माई, एकाच डब्यात आहे, कसा काढणार? पोरीला गुळाचा खडा घालून द्यायचा.

शहापूरकर_काका
कुंदा एका शेगडीवरच होतो.

सकाळची_गडबड
चार दिवसांनी लिहितेय. बर्नर भिजवून घासला, पेटतोय, पण एका बाजूनंच. सुई लावली नाही. कुकरचं जमलं, पहिल्या दिवशी भातात पाणी कमी पडलं, दुसऱ्या दिवसापासून ठीक. कडक भाकरी 20 आणल्या. काल डबा पूर्ण रिकामा आला म्हणून खूश झाले, तर नवरा म्हणतो मसूर-भाकरी शेजारच्या मशीनवाल्यानं खाल्ली आणि ह्यांनी त्याचा पुलाव. म्हणजे आता तो पण मागायलाय. मसूर वाढवावा लागणार, 1200 मध्ये कसं बसवू ते कळेना.

दोन_शिट्ट्या
त्याच्याकडून आठवड्याला किलोभर मसूर घ्यायचा.

खानापूरची_माई
पोरीनं सुसला खाल्ला का, ते लिहिलंच नाहीस.